वाचकांचे प्रश्न : डँडोरातील महिलांना कोणता धंदा सुचवावा?

प्रश्न : आम्ही पाच वर्षांपासून नैरोबीत राहतो. शहराच्या पूर्वेकडील डँडोरा या वस्तीतील वीस महिलांच्या एका गटाशी आमच्या परिचयातील काही कुटुंबांचा संबंध आला. गेल्या वर्षी आम्ही वर्गणी काढून गटाला सहा शिवणयंत्रे घेऊन दिली आणि तीन महिन्यांचा शिवणवर्गही चालवला. आज त्यांपैकी चार यंत्रे झाकून ठेवलेली आहेत. यंदा आम्ही मण्यांचे दागिने, सुगंधी मेणबत्त्या, साबण, कोंबडीपालन अशा चौदा व्यवसायांची यादी केली आहे. यांपैकी कोणता व्यवसाय सुचवावा आणि या महिलांना प्रोत्साहन कसे द्यावे?

उत्तर : आपल्या यादीत चौदा व्यवसाय आहेत, मात्र या वीस जणी सकाळी उठून सध्या काय करतात, याविषयी आपल्या सविस्तर पत्रात एकही ओळ नाही. हे दोष देण्यासाठी लिहीत नाही, कारण मदत करू पाहणाऱ्या बहुतेकांची सुरुवात इथूनच होते. समोरच्या माणसापाशी धंदा नाही आणि धंद्याची कल्पनाही नाही, असे आपण मनाशी धरून चालतो. नैरोबीत ही समजूत फार जुन्या काळापासून खोटी ठरत आलेली आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पथकाने १९७२ साली केन्यातील रोजगारावर जो अहवाल दिला त्याचा मुख्य मुद्दाच हा होता, की ज्यांना बेकार समजले जाते ती माणसे कोणत्याही सरकारी नोंदीत नसलेल्या लहानसहान धंद्यांत दिवसभर राबत असतात. ‘अनौपचारिक क्षेत्र’ हा शब्दप्रयोग जगभर रुळण्यात या अहवालाचा मोठा वाटा आहे. केन्यात अशा धंद्यांना ‘जुआ काली’ म्हणतात. स्वाहिलीत त्याचा अर्थ कडक ऊन असा होतो, कारण डोक्यावर छप्पर नसताना उघड्यावर बसून पत्रा ठोकणाऱ्या कारागिरांवरून हे नाव पडले. आपल्या गटातील कोणी सुकुमा विकीच्या, म्हणजे रोजच्या पालेभाजीच्या जुड्या विकत असेल, कोणी पहाटे मंदाझी, म्हणजे पिठाचे गोडसर वडे, तळत असेल, कोणी इतरांच्या घरी कपडे धूत असेल. तेव्हा ‘तुम्हाला काय करायला आवडेल?’ हा प्रश्न विचारू नये. त्यावर पाहुण्याला बरे वाटेल असेच उत्तर मिळते. ‘गेल्या महिन्यात घरात पैसा कशातून आला?’ असे विचारावे आणि उत्तर लिहून घ्यावे.

आता शिवणयंत्रांविषयी. परदेशातून येणाऱ्या जुन्या कपड्यांना तेथे मितुंबा म्हणतात आणि त्यांचे गठ्ठे नैरोबीच्या गिकोंबा बाजारात रोज पहाटे फुटतात. कापड, दोरा आणि मजुरी यांचा हिशेब मांडला तर नवा शिवलेला झगा मितुंबाच्या भावात बसूच शकत नाही. त्यामुळे नवे कपडे शिवायला शिकवणाऱ्या वर्गातून बाहेर पडणारी बाई पहिल्याच दिवशी हरलेली असते. तरीही त्याच बाजारात यंत्रापुढे रांगेने बसलेल्या शिंप्यांना मान वर करायला सवड नसते, कारण ते जुनी विजार कमरेत आवळून देतात, चेन बदलतात, बाह्या आखूड करतात, एका मोठ्या कोटातून लहान मुलाचा कोट काढतात. दुसरे खात्रीचे काम शाळेच्या गणवेशाचे असते. केन्यातील शालेय वर्ष जानेवारीत सुरू होते, त्यामुळे त्याआधीचे काही आठवडे हाच त्याचा खरा हंगाम. आपण चार बंद यंत्रांबद्दल लिहिले आहे, पण चालू असलेल्या दोन यंत्रांवर काय शिवले जाते ते सांगितलेले नाही. माझा अंदाज आहे, की तेथे दुरुस्तीच चालते. तो खरा ठरल्यास आपला पुढचा शिवणवर्ग त्या दोघींनीच घ्यावा.

मण्यांचे दागिने आणि सुगंधी मेणबत्त्या यांवर मी काट मारीन. त्यांचे गिऱ्हाईक डँडोरात राहत नाही; ते आपल्या ओळखीच्या कुटुंबांत आणि कार्यालयांतील सणासुदीच्या विक्रीत असते. आपली बदली झाली की बाजारपेठही आपल्याबरोबर विमानात बसेल. कोंबड्यांना जागा लागते, आणि राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाची एक साथ वर्षभराचे भांडवल दोन दिवसांत संपवते. लसीकरणाची सोय पक्की असल्याखेरीज त्या वाटेला जाऊ नये.

मग पाहायचे काय? वस्तीतली एक गल्ली निवडावी आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ तेथे फक्त पाहावे. ज्याला मजुरी रोज मिळते तो खरेदीही रोज करतो, म्हणून तेथे स्वयंपाकाचे तेल लहानशा मापाने, साखर चमच्यांच्या हिशेबाने आणि टोमॅटो तीन-चारच्या ढिगाने विकले जातात. केन्यात या व्यवहाराला ‘कडोगो’ म्हणजे चिमुकला असा शब्द आहे. किलोच्या हिशेबाने पाहिले तर गरिबाला तीच वस्तू महाग पडते. हे अन्यायाचे आहे खरे, पण मोठा माल फोडून लहान करणे हीच तेथील किरकोळ विक्रेतीची कमाई आहे आणि तिला त्याबद्दल नाके मुरडून चालणार नाही. दुसऱ्याचा इंधनखर्च वाचवणे, हाही असाच एक धंदा आहे. घेवड्याच्या वाळलेल्या बिया शिजायला काही तास लागतात आणि तेवढा कोळसा जाळणे एकेका घराला परवडत नाही. म्हणून एक बाई मोठ्या हंडीत बिया आणि मका उकडते आणि गल्लीतल्या घरांना मापाने विकते. ही कल्पना कोणत्याही वर्गात शिकवलेली नाही. आपले काम तिला नवी कल्पना देण्याचे नसून, तिच्या हंडीला दुसरी हंडी कशाने जोडता येईल हे तिलाच विचारण्याचे आहे.

पुष्कळदा धंदा तोच ठेवून खर्च कमी करता येतो. भाजी विकणाऱ्या बाईला तेथे ‘मामा म्बोगा’ म्हणतात. ती पहाटे वाकुलिमा बाजारात, लोकांच्या तोंडी मारिकिटीत, जाऊन माल उचलते आणि मटाटूने, म्हणजे भाड्याच्या छोट्या बसने, परत येते. एकाच गल्लीतील तिघी रोज तिघींचे भाडे भरत असतील तर त्यांनी पाळी लावून एकीने माल आणायचा, एवढ्यानेही नफ्यात फरक पडतो. असे का होत नाही, याचे कारण विचारल्याशिवाय मात्र हा उपदेश करू नये. दुसरीने आणलेला माल कुजका निघाला तर तोटा कोणी सोसायचा, हा प्रश्न त्यांना आपल्याआधी सुचलेला असतो.

प्रशिक्षणाविषयी आपल्याच वस्तीतला एक दाखला आहे, तो जरूर लक्षात घ्यावा. डँडोरात नवख्या व्यावसायिक महिलांवर एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. काही जणींना हिशेब, विक्री आणि नियोजन यांचा रीतसर वर्ग दिला. काही जणींची त्याच वस्तीतील एकेका मुरलेल्या, यशस्वी विक्रेतीशी गाठ घालून दिली आणि दोघींनी आठवड्याला भेटून बोलावे एवढेच सांगितले. वर्गात बसलेल्यांच्या नफ्यात टिकाऊ वाढ झाली नाही. दुसऱ्या गटाचा नफा सुमारे २० टक्क्यांनी वाढला आणि त्यामागे मोठे गुपित नव्हते: माल स्वस्त कोणाकडे मिळतो, यासारखी स्थानिक माहिती त्यांना मिळाली. या गाठीभेटी थांबल्या तशी ती वाढही ओसरत गेली, हेही अभ्यासकांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे. घाऊक बाजारातील कोणता विक्रेता तळातले टोमॅटो नासके ठेवतो, हे आपल्याला किंवा मला कसे ठाऊक असणार? तेव्हा शिक्षिकेच्या मानधनाचा पैसा दोन अनुभवी मामा म्बोगांच्या वेळेसाठी द्यावा, आणि तो तीन महिन्यांनी बंद करू नये.

यानंतर पैशाचा गल्ला. घरखर्च आणि धंदा यांचा पैसा एकाच कमरपट्ट्यात राहिला की मुलाच्या औषधासाठी उद्याचे भांडवल जाते, आणि परवा धंदा बंद असतो. पश्चिम केन्यातील बुमाला या बाजारगावी अभ्यासकांनी बँक खाती उघडून दिली, त्या प्रयोगाचा अहवाल २०१३ साली आला. त्या खात्यांवर व्याज नव्हते, उलट पैसे काढताना शुल्क पडत असे. तरीही बाजारात बसणाऱ्या महिलांनी त्यांत बचत केली आणि धंद्यात जास्त पैसा घातला. सायकलवरून प्रवासी नेणाऱ्या पुरुषांच्या बाबतीत असा परिणाम दिसला नाही. पैसा हाताशी नसणे, मागणाऱ्याला ‘आत्ता नाहीत’ असे खरेपणाने सांगता येणे, हीच त्या खात्याची किंमत होती. आज हे काम फोनवर होते. एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा मार्च २००७ मध्ये सुरू झाली, आणि तिच्यात आता लहान विक्रेत्यांसाठी ‘पोची ला बिआशारा’, म्हणजे धंद्याचे पाकीट, अशी वेगळी सोय आहे. गिऱ्हाइकाने दिलेले पैसे खासगी शिलकीत मिसळत नाहीत. वीस जणींपैकी किती जणींकडे ही सोय सुरू आहे, हे पुढच्या भेटीत पाहावे. ती सुरू करून द्यायला आपली एक दुपार लागेल.

एक गोष्ट किरकोळ वाटेल, पण ती सांगितल्यावाचून राहवत नाही. पश्चिम केन्यातील लहान दुकानांची पाहणी झाली तेव्हा असे आढळले, की सुटे पैसे नसल्यामुळे दुकानदार गिऱ्हाईक परत पाठवतात किंवा दुकान सोडून मोड आणायला धावतात, आणि यात त्यांच्या नफ्याचा सुमारे ५ ते ८ टक्के भाग बुडतो. किती वेळा असे झाले याची नोंद ठेवायला सांगितल्याबरोबर, दुसरी कोणतीही मदत न देता, बऱ्याच दुकानदारांनी मोड जवळ बाळगायला सुरुवात केली. आपण वह्या वाटणार असाल तर पहिल्या पानावर हाच रकाना आखून द्यावा.

परवान्यांबाबत आळस करू नये. नैरोबी काउंटीचा, म्हणजे तेथील स्थानिक प्रशासनाचा, व्यवसाय परवाना आणि खाद्यपदार्थ हाताळणाऱ्यांचे आरोग्य प्रमाणपत्र नसेल तर काउंटीचे शिपाई, ज्यांना लोक ‘कांजो’ म्हणतात, ते हातगाडी उचलून नेतात आणि एका दिवसात महिन्याचे भांडवल जाते. गटाच्या निधीतून पहिला खर्च याचा करावा. उलाढाल कराची भीती मात्र या महिलांना घालू नये. तो वर्षाला १० लाख शिलिंगांहून अधिक उलाढाल असणाऱ्यांना लागतो.

प्रश्न : केन्यातील किसुमू या शहरात नोकरीनिमित्त राहणाऱ्या नातेवाइकांमार्फत मला तेथील गरीब विक्रेत्यांना ६०,००० केन्यन शिलिंग द्यायचे आहेत. ते दान म्हणून द्यावेत, की कर्जाऊ द्यावेत म्हणजे जबाबदारीची जाणीव राहील?

उत्तर : जबाबदारीची जाणीव देण्यासाठी कर्ज द्यावे, या विचाराशी मी सहमत नाही. केन्यातील लहान विक्रेत्याला कर्जाची टंचाई नाही, उलट फोनच्या पडद्यावर ते नको तितके सहज मिळते. सरकारने ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सुरू केलेल्या हसलर फंडातून ५०० ते ५०,००० शिलिंगांपर्यंत वैयक्तिक कर्ज वार्षिक ८ टक्के दराने मिळण्याची व्यवस्था झाली, आणि परतफेडीची मुदत १४ दिवसांची ठेवली गेली. व्याज माफक आहे. अडचण मुदतीची आहे. सकाळी माल घेऊन संध्याकाळी विकणाऱ्या भाजीवालीचे भांडवल १४ दिवसांत कितीतरी वेळा फिरते, त्यामुळे तिला ते सोसते. जानेवारीच्या गणवेशांसाठी ऑक्टोबरमध्ये कापड घेणाऱ्या शिंप्याला तेच कर्ज फासासारखे आवळते, आणि मग एक हप्ता फेडायला तो दुसऱ्या ॲपकडून, तेही पुष्कळ चढ्या दराने, पैसे उचलतो. आपले ६०,००० शिलिंग या रांगेत तिसरे देणे होऊन बसू नयेत.

दान द्यायचे तर रोख की माल, हा खरा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. घानातील लहान व्यावसायिकांवर झालेल्या प्रयोगात, ज्या महिलांना रोख रक्कम दिली त्यांच्यापैकी बहुतेकींची ती घरखर्चात विरून गेली, तर मालाच्या किंवा साहित्याच्या रूपाने मदत मिळालेल्यांपैकी ज्यांचा धंदा आधीपासून थोडा बरा चालत होता त्यांचा नफा वाढला. अगदी तळाच्या विक्रेत्यांना मात्र दोन्हींचा धंद्यात फारसा उपयोग झाला नाही, आणि ही कडू बाजू देणाऱ्याने आधीच पचवलेली बरी. उत्तर युगांडात २००८ च्या सुमारास तरुणांच्या गटांना, माणशी सुमारे ३८२ डॉलर पडतील अशा हिशेबाने, हुन्नर शिकण्यासाठी आणि अवजारांसाठी विनापरतफेड रक्कम दिली गेली. चार वर्षांनंतर त्यांची कमाई, मदत न मिळालेल्यांपेक्षा सुमारे ३८ टक्के जास्त होती. नऊ वर्षांनी पाहिले तेव्हा इतरांनीही त्यांना गाठले होते. म्हणजे मदतीने त्यांना काही वर्षे आधी पुढे नेले. यातून कोणी श्रीमंत झाले नाही, पण घरच्या मुलाला ती चार वर्षे दोन वेळचे पोटभर मिळाले असेल तर मी त्याला अपयश म्हणणार नाही.

आपली रक्कम साठ जणांत वाटू नये. आधीपासून धंदा करणाऱ्या पाच-सहा जणांना, ते ज्या घाऊक विक्रेत्याकडून माल घेतात त्याच्याकडेच, माल किंवा साहित्य घेऊन द्यावे. त्यांच्या ‘चामा’च्या पेटीत मात्र हे पैसे टाकू नयेत. चामा म्हणजे आपली भिशी. तिच्यातच ‘टेबल बँकिंग’ असा एक प्रकार आहे, ज्यात जमलेली सगळी रक्कम त्याच बैठकीत सभासदांना कर्जाऊ देऊन टेबल रिकामे केले जाते, आणि व्याज गटाकडेच राहते. नायजर देशात १९९१ साली केअर या संस्थेने सुरू केलेले आणि नंतर आफ्रिकाभर पसरलेले बचत गट याच पायावर उभे आहेत: तीन कुलपांची पेटी, तीन किल्ल्या तीन बायकांकडे, आणि वर्षअखेरीस सगळ्या पैशांचे वाटप. शेजारणीने भाजीतून वाचवलेले पैसे बुडवण्याची लाज वाटते, दूरच्या पाहुण्याचे पैसे बुडवण्याची तेवढी वाटत नाही. बाहेरची रक्कम पेटीत पडली की हा धाक नाहीसा होतो आणि चांगली चाललेली पेटी फुटते.

प्रश्न : सगळ्या वस्त्यांत तेच टोमॅटो, तीच मंदाझी आणि तेच जुने कपडे विकले जातात. नावीन्याला उत्तेजन देण्यासाठी कल्पनांची स्पर्धा घ्यावी काय?

उत्तर : स्पर्धेत इंग्रजी नीट बोलणारा जिंकतो, हा माझा अनुभव आहे. नावीन्य वस्त्यांत नाही, हेही मला मान्य नाही. केन्यात घरोघरी दिसणारी मातीच्या अस्तराची, कंबरेत बारीक असलेली कोळशाची शेगडी १९८० च्या दशकाच्या आरंभी थायलंडच्या बादलीसारख्या शेगडीवरून बेतली गेली, आणि ती पसरली ती जुआ काली कारागिरांच्या हातांनी. पत्र्याचे काम ठोकणाऱ्यांनी करायचे आणि आतले अस्तर कुंभारकाम करणाऱ्या गटांनी भाजायचे, अशी तिची वाटणी झाली. कोळसा वाचतो हे गिऱ्हाइकाला पहिल्या आठवड्यातच कळले, म्हणून तिची जाहिरात करावी लागली नाही.

तरीही तोचतोचपणाची आपली तक्रार अगदीच निराधार नाही. टोगोची राजधानी लोमे येथे १,५०० लहान व्यावसायिकांवर झालेला प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला नेहमीचे हिशेब-विक्रीचे प्रशिक्षण दिले, तर दुसऱ्याला शेजाऱ्यापेक्षा वेगळे काय करता येईल, अडचण येण्याआधी तिची तजवीज कशी करावी आणि एकदा फसल्यावर पुन्हा कसे उभे राहावे, एवढाच सराव दिला. दुसऱ्या गटाचा नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. पहिल्याची वाढ खात्रीने सांगण्याजोगी नव्हती. तेव्हा स्पर्धेच्या बक्षिसाऐवजी असा सराव ठेवावा, आणि तो वस्तीत हाताशी असलेल्या वस्तूंवरच करून घ्यावा. कोळशाच्या विक्रेत्याकडे पोत्याच्या तळाशी भुकटी उरते. नैरोबीतील काही गट ती मातीत व पाण्यात कालवून तिचे गोळे वळतात आणि उन्हात वाळवून विकतात. हे गोळे हळू आणि बराच वेळ जळतात, म्हणून बिया शिजवायला उत्तम. आपल्या ओळखीच्या वस्तीत असे गोळे वळणारे कोणी आहे का, आणि पहिल्या उत्तरात सांगितल्यासारखी बिया उकडून विकणारी बाई ते घेते का, हे पाहून मला पुन्हा लिहावे. घेत नसेल तर का घेत नाही, हे तिच्याच शब्दांत कळवावे.